अंगवळणी पडलेला खोकला आणि निकामी होत जाणारे श्वासमार्ग

वडूज : येरळा नदीकाठचे वडूज हे सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणारा हा परिसर कमी पावसाचा. उन्हाळ्यात उडणारी धूळ, हिवाळ्यातील बोचरी थंडी, सुगीच्या दिवसांत मळणीचा भुसा आणि घरोघरी वर्षानुवर्षे पेटलेली चूल यांची इथल्या माणसाला सवय झालेली आहे. तशीच सवय त्याला खोकल्याचीही झाली आहे. म्हातारपणाचा खोकला, बिडीचा खोकला, धुराचा खोकला, भट्टीवरचा खोकला अशी त्याची नावेही ठरून गेली आहेत. एकदा नाव मिळाले, की त्या खोकल्याची चौकशी थांबते.

ही सवयच घातक ठरते. महिनोन्महिने टिकणारा खोकला हे बहुतेक वेळा श्वासमार्गात चाललेल्या दाहाचे लक्षण असते. हा दाह सुरुवातीच्या काळात औषधाने आणि कारण दूर केल्याने शमू शकतो. तो वर्षानुवर्षे चालू राहिला, तर मात्र श्वासनलिकांची रचनाच बदलते आणि ती पूर्ववत करण्याचे साधन आजही वैद्यकशास्त्राकडे नाही. साध्या खोकल्याचे रूपांतर कायमच्या धापेत होण्यापूर्वी काही वर्षांचा अवधी मिळतो. तो अवधी ओळखणे, हाच या विषयातील कळीचा मुद्दा आहे.

खोकला : शरीराचा पहारेकरी

खोकला हा मुळात रोग नाही. श्वसनमार्गाचे रक्षण करणारी ती एक प्रतिक्षिप्त क्रिया आहे. घशापासून मोठ्या श्वासनलिकांपर्यंत पसरलेल्या चेतातंतूंना धूळ, धूर, अन्नाचा कण किंवा साठलेला कफ यांचा स्पर्श झाला, की मेंदूकडे संदेश जातो. माणूस खोल श्वास घेतो, स्वरयंत्र क्षणभर घट्ट मिटते, छाती व पोटाचे स्नायू आकुंचन पावतात आणि आत दाब वाढतो. मग स्वरयंत्र एकदम उघडते व हवा वेगाने बाहेर पडते. तिच्याबरोबर कफ आणि नको असलेले कण बाहेर फेकले जातात.

खोकल्याच्याही आधी काम करणारी आणखी एक यंत्रणा शरीरात आहे. मुख्य श्वासनलिका छातीत उतरून दोन भागांत विभागते. पुढे फांद्यांना फांद्या फुटाव्यात तशी ती सुमारे २३ वेळा विभागली जाते आणि अखेर वायुकोशांपर्यंत पोहोचते. या नळ्यांच्या आतील अस्तरावर अतिसूक्ष्म लव असते. एकेका पेशीवर तिचे सुमारे २०० तंतू असतात आणि ते सेकंदाला १० ते १५ वेळा लयीत हलतात. त्यांच्यावर चिकट स्रावाचा, म्हणजे श्लेष्माचा पातळ थर असतो. श्वासाबरोबर आलेली धूळ व जंतू या थराला चिकटतात आणि लवेच्या हालचालीने घशाकडे ढकलले जातात. निरोगी माणूस हा स्राव नकळत गिळून टाकतो. त्याला खोकावे लागत नाही.

म्हणूनच रोज सकाळी कफ काढल्याशिवाय छाती मोकळी होत नसेल, तर अंतर्गत स्वच्छतेची ही पहिली यंत्रणा बिघडली आहे आणि तिचा भार खोकल्यावर आला आहे, असे समजावे.

दाह म्हणजे नेमके काय?

पायात काटा रुतला, की ती जागा लाल होते, सुजते, गरम होते व ठणकते. शरीराने शत्रूविरुद्ध उघडलेली ही आघाडी म्हणजे दाह. रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून द्रव पाझरतो आणि पांढऱ्या पेशी जखमेकडे धाव घेतात. काटा निघाला की काही दिवसांत सारे शांत होते.

श्वासनलिकांमध्ये हेच घडते. सर्दी किंवा फ्लूच्या विषाणूमुळे आलेला दाह बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. पण धूर, तंबाखू, आम्लाची वाफ किंवा धूळ रोज आत जात असेल, तर काटा रोज नव्याने रुतत राहतो. दाहाला ओसरण्यास सवडच मिळत नाही. पांढऱ्या पेशी जंतूंचा नाश करण्यासाठी जी तीव्र रसायने व विकरे सोडतात, त्यांची झळ शेजारच्या निरोगी ऊतींनाही बसते.

नलिकेची भिंत सुजली, की आतला मार्ग अरुंद होतो. नळी जितकी लहान, तितका सुजेचा परिणाम अधिक. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर हवेच्या प्रवाहाला होणारा विरोध दुप्पट होत नाही, तो सुमारे १६ पट होतो. लहान मुलांना साध्या सर्दीतही छातीत घरघर व धाप का लागते, याचे एक कारण या हिशेबात आहे.

सुजेकडून व्रणाकडे

दीर्घकाळ चाललेल्या दाहात श्वासमार्गात टप्प्याटप्प्याने बदल होतात. प्रथम लव गळू लागते व तिची लय बिघडते. धुराला तोंड देता देता अस्तरातील लवयुक्त पेशींची जागा चिवट, सपाट पेशी घेतात. स्राव तयार करणाऱ्या पेशींची संख्या वाढते आणि श्लेष्मग्रंथी मोठ्या होतात. म्हणजे कफ वाढतो आणि तो वाहून नेणारी व्यवस्था त्याच वेळी दुबळी होते. साठलेल्या कफात जंतू घर करतात, जंतूंमुळे दाह वाढतो आणि दाहामुळे पुन्हा कफ वाढतो.

पुढच्या टप्प्यात शरीर दुरुस्ती करू लागते. पण ही दुरुस्ती म्हणजे मूळ ऊतीच्या जागी कठीण तंतू घालणे. त्वचेवर भाजल्याचा व्रण राहतो, तसाच हा नलिकेच्या भिंतीत राहतो. भिंत जाड होते, स्नायूंचा थर वाढतो आणि लवचिकपणा कमी होतो. सर्वांत लहान नलिका तर अरुंद होत होत पार नाहीशा होतात.

या बदलांचा शेवट एकाच प्रकारे होत नाही. दम्यामध्ये दाहाचे स्वरूप प्रामुख्याने अ‍ॅलर्जीचे असते. नलिका आकुंचन पावतात, पण औषधाने बऱ्याच अंशी पुन्हा मोकळ्या होतात. अनेक वर्षे उपचाराविना राहिलेल्या दम्यात मात्र हे मोकळे होणे अपुरे पडू लागते. धूम्रपान वा धुरामुळे होणाऱ्या 'सीओपीडी' या विकारात नलिकांचा अडथळा कायमचा असतो. अनेकदा वायुकोशांच्या भिंतीही फाटतात आणि फुफ्फुसे फुगलेल्या, सैल पिशवीसारखी होतात. तिसरा प्रकार 'ब्रॉन्किएक्टेसिस'चा. यात नलिका अरुंद होण्याऐवजी रुंदावतात, त्यांच्या भिंती खचतात आणि त्यांत पूमिश्रित कफ साचतो. स्टेथोस्कोपचा जनक असलेल्या रेने लेनेक या फ्रेंच डॉक्टरने १८१९ मध्ये या विकाराचे वर्णन करून ठेवले आहे.

सतत कफ पडणाऱ्या खोकल्याला केव्हा गंभीर मानायचे, याचीही व्याख्या ठरलेली आहे. सलग दोन वर्षे, दरवर्षी किमान तीन महिने कफासह खोकला राहिला आणि त्याला दुसरे कारण आढळले नाही, तर त्याला 'क्रॉनिक ब्रॉन्कायटिस' म्हणजे जुनाट श्वासनलिकादाह म्हणतात.

हानी का कळत नाही?

दोन मिलिमीटरहून लहान नलिकांची संख्या अफाट असते. त्यामुळे त्यांतील काही बंद पडल्या, तरी हवा इतर वाटांनी जात राहते. म्हणून डॉक्टर फुफ्फुसाच्या या भागाला 'मूक प्रदेश' म्हणतात. सीओपीडीच्या रुग्णांमध्ये वायुकोश फाटलेले दिसू लागण्यापूर्वीच या टोकाच्या नलिका मोठ्या संख्येने नष्ट झालेल्या असतात, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवून दिले.

माणूसही नकळत जुळवून घेतो. चढण टाळतो, पाण्याची घागर एकऐवजी दोन खेपांत आणतो, जिना चढताना मध्येच थांबतो आणि त्याचे खापर वयावर फोडतो. धाप लागते म्हणून तो दवाखान्यात येतो, तेव्हा फुफ्फुसाची बरीच शक्ती खर्ची पडलेली असते. त्या आधीच्या काळात खोकला हीच एकमेव सूचना असते आणि नेमकी तिचीच उपेक्षा होते.

खोकल्याने वाढणारा खोकला

खोकल्याचे मूळ दाहात असले, तरी अविरत खोकलाही आपल्या परीने इजा करतो. प्रत्येक उबळीत नलिकांच्या भिंती जोराने दाबल्या जातात आणि वेगवान हवा अस्तरावर घासून जाते. आधीच सुजलेले अस्तर त्यामुळे आणखी चिडते. चेतातंतू इतके हळवे होतात, की थंड हवा, फोडणीचा ठसका, अत्तराचा वास, एवढेच काय मोठ्याने बोलणेही ढास सुरू करण्यास पुरेसे ठरते. मूळ संसर्ग बरा झाल्यावरही काहींचा कोरडा खोकला महिनोन्महिने चालतो, तो यामुळेच.

छातीबाहेरही त्याचे परिणाम होतात. जोराच्या उबळीने बरगडीला तडा जाणे, हर्निया होणे, डोळ्यांत रक्त उतरणे किंवा क्षणभर शुद्ध हरपणे असे प्रकार घडतात. स्त्रियांमध्ये खोकताना लघवी सुटणे ही सर्रास आढळणारी, पण संकोचापोटी लपवली जाणारी तक्रार आहे. कष्टाची कामे व अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांमध्ये जुनाट खोकल्यामुळे अंग बाहेर येण्याचा त्रास बळावतो. त्यासाठी शस्त्रक्रिया झाली, तरी खोकला तसाच राहिला तर तिचा लाभ टिकणे अवघड होते.

चुलीपुढची फुंकणी

सीओपीडी हा विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा आजार, अशी समजूत दीर्घकाळ होती. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिलेल्या लेखाने या समजुतीला धक्का दिला. जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०० कोटी असताना लाकूड, शेणी व पिकांचे अवशेष यांच्या धुरात राहणारे सुमारे ३०० कोटी आहेत, याकडे त्यांनी लक्ष वेधले. धूम्रपान न करणाऱ्यांमधील सीओपीडीमागे हा धूर सर्वांत मोठे कारण असू शकते, असे त्यांनी मांडले.

खटाव-माणसारख्या भागात याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तुरकाठ्या, ज्वारीची धसकटे, बाभळीचे सरपण आणि शेणी हे इथले पिढ्यान्‌पिढ्यांचे इंधन. अर्धवट जळणाऱ्या या इंधनातून निघणारे सूक्ष्म कण थेट लहान नलिकांपर्यंत पोहोचतात. चुलीत फुंकणी मारताना घेतलेला खोल श्वास हा धुराचाच श्वास असतो. पाठीवर किंवा मांडीवर असलेले मूलही तोच धूर घेते. पश्चिम महाराष्ट्रात अनेक स्त्रिया मिश्री लावतात. त्यासाठी घरातच तंबाखू भाजली जाते आणि त्याच्या उग्र धुराची भर पडते. बाई विडी ओढत नाही, म्हणून तिच्या खोकल्याकडे संशयाने पाहिले जात नाही आणि निदान लांबते.

प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि गॅस जोडण्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणाऱ्या देशातील कुटुंबांचे प्रमाण २०१५-१६ मधील ४३.८ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ५८.६ टक्क्यांवर गेले. तरीही सिलिंडर परवडत नाही म्हणून आंघोळीचे पाणी, भाकरी व जनावरांचे आंबोण चुलीवरच होते, असे घर दुर्मीळ नाही. गॅस आला तरी चूल विझली नाही, तर श्वासनलिकांचा त्रास पूर्णपणे थांबत नाही. फलटण येथे कार्यक्षेत्र असलेल्या 'आरती' या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, सुधारित चुलींवर आणि उसाच्या पाचटापासून कोळसा तयार करण्यावर काम केले. या पाचटकोळशाच्या कामासाठी संस्थेला २००२ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. गॅस नसेल तिथे धुराडे असलेली चूल, खिडकी आणि वाळलेले सरपण एवढ्यानेही धुराचे प्रमाण कमी करता येते.

डासांच्या अगरबत्त्यांचीही दखल घ्यायला हवी. चीन व मलेशियात तयार झालेल्या अशा कॉइलवर झालेले एक संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. एक कॉइल पूर्ण जळाल्यावर त्यातून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे असल्याचे त्यात आढळले होते. शहरातील बंद खोलीत रात्रभर कॉइल लावून झोपणाऱ्यांना चुलीच्या धुरापासून आपण दूर आहोत, असे म्हणता येणार नाही.

गलाईच्या भट्टीवरून

वडूज परिसराला आणखी एका धुराची ओळख आहे, पण तो गावात निघत नाही. दुष्काळाने शेतीचा भरवसा संपवला, तेव्हा सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी आणि सातारा जिल्ह्यातील खटाव, माण या तालुक्यांतील हजारो तरुणांनी सोने-चांदी शुद्ध करण्याच्या गलाई व्यवसायाची वाट धरली. देशातील लहान-मोठ्या शहरांच्या सराफ पेठांमध्ये या भागातील गलाई कारागीर आढळतात. विटा शहराची तर ती ओळखच बनली आहे. या व्यवसायाने दुष्काळी गावांना पैसा दिला, घरे उभी केली, मुलांना शिक्षण दिले.

गलाईच्या पद्धतीत जुने सोने चांदीबरोबर मुशीत वितळवतात आणि नंतर ते नायट्रिक आम्लात उकळतात. चांदी व तांबे आम्लात विरघळते आणि सोने तळाशी उरते. या क्रियेत तपकिरी-पिवळसर वाफा निघतात. त्यांतील नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू फसवा आहे. अमोनिया पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे तो नाका-डोळ्यांना तत्काळ झोंबतो आणि माणूस दूर पळतो. नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात कमी विरघळतो. नाक-घशाला त्याचा त्रास तुलनेने कमी जाणवतो आणि तो खोल, लहान नलिकांपर्यंत जातो. तिथल्या ओलाव्याशी संयोग होऊन आम्ल तयार होते आणि अस्तर भाजते.

मोठ्या प्रमाणात हा वायू श्वासात गेला, तर माणूस सुरुवातीला ठीक वाटू शकतो. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुफ्फुसांत पाणी भरून जीव धोक्यात येतो. त्यातून वाचलेल्यांपैकी काहींना दोन ते सहा आठवड्यांनी पुन्हा खोकला व धाप सुरू होते. हा लहान नलिका व्रणाने बुजत चालल्याचा परिणाम असू शकतो. भट्टीवर वाफ अंगावर आल्यानंतर 'आता बरे वाटते' म्हणून रुग्णालय टाळणे म्हणूनच धोक्याचे. थोड्या प्रमाणात रोज जाणाऱ्या वाफेने एका दिवसात काही होत नाही. पण ती दाह जागता ठेवते.

डागकामात कॅडमियम वापरले जात असेल, तर धोका वाढतो. 'केडीएम' या नावाने परिचित असलेल्या या डागातील कॅडमियमची वाफ फुफ्फुसे व मूत्रपिंडांना अपायकारक असते. चांदी शुद्ध करताना शिसे वापरले, तर त्याची वाफ शरीरात विष साठवते. सराफ पेठेतील अनेक भट्ट्या अरुंद खोल्यांत चालतात. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवतो, वायू नाही. वाफ बाहेर ओढून धुऊन काढणारी बंदिस्त यंत्रणा आणि वायू शोषणारा योग्य मुखवटा हाच खरा उपाय आहे.

कारागीर परगावी खोकतो, तिथल्या औषधाच्या दुकानातून बाटली घेतो आणि सणाला, यात्रेला गावी येतो. चार दिवसांत तपासणी व्हायची राहून जाते. गावी आल्यावर खोकला कमी होतो आणि भट्टीवर परतल्यावर वाढतो, हा फरक लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगितला, तर निदानाला मोठी मदत होते. कामाचे स्वरूप विचारले गेले नाही, तर रुग्णाने ते आपणहून सांगितले पाहिजे.

क्षय बरा झाल्यानंतर

सातारा-सांगली भागाचे छातीच्या आजारांशी जुने नाते आहे. पाचगणीची हवा क्षयरुग्णांना मानवते, म्हणून १९१२ मध्ये तिथे बेल-एअर हे आरोग्यधाम उभे राहिले. मिरजेत सर विल्यम वानलेस यांच्या नावाने वानलेसवाडीत क्षयरुग्णालय झाले. प्रतिजैविकांच्या आधीच्या त्या काळात विश्रांती, सकस आहार आणि मोकळी हवा एवढेच उपचार हाती होते.

आज क्षय औषधांनी बरा होतो. पण जंतू मेले, तरी त्यांनी केलेली जखम राहते. क्षयाच्या दाहाने खचलेल्या नलिका रुंद होऊन ब्रॉन्किएक्टेसिस होतो. भारतातील ३१ केंद्रांवरील २,१९५ ब्रॉन्किएक्टेसिस रुग्णांची नोंद २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्यापैकी ३५.५ टक्के रुग्णांमध्ये पूर्वी झालेला क्षय हे कारण आढळले. युरोपातील चित्र याहून बरेच वेगळे आहे. लहानपणी झालेला गोवर, डांग्या खोकला किंवा न्यूमोनिया यांतूनही हा विकार उद्भवतो, म्हणून बालकांचे लसीकरण हे श्वासमार्गांचेही संरक्षण आहे.

क्षयाचा कोर्स पूर्ण केलेल्या माणसाला वर्षभराने पुन्हा खोकला आला, तर त्याच्याकडे दोन्ही शक्यतांनी पाहावे लागते : क्षय उलटला आहे का, हे थुंकीच्या तपासणीने ठरवायचे आणि तो नसल्यास जुन्या व्रणावर उपचार करायचे. केवळ एक्स-रेवरील डाग पाहून पुन्हा क्षयाची औषधे सुरू करणे योग्य नव्हे.

बाटली नव्हे, निदान

दमा व सीओपीडीसारख्या श्वसनविकारांचे ओझे भारतावर लोकसंख्येच्या मानाने जास्त आहे. २०१८ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार देशातील सीओपीडीच्या रुग्णांची संख्या १९९० मधील २ कोटी ८१ लाखांवरून २०१६ मध्ये ५ कोटी ५३ लाखांवर गेली. जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा १८ टक्के असताना जुनाट श्वसनविकारांमुळे वाया जाणाऱ्या निरोगी आयुष्यात तो ३२ टक्के होता. चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या पुढाकाराने १ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवशी देशभरातील डॉक्टरांकडे आलेल्या २ लाख ४ हजार ९१२ रुग्णांची नोंद करण्यात आली. त्यांच्यातील निम्म्याहून अधिक जणांच्या तक्रारी श्वसनसंस्थेशी निगडित होत्या.

एवढ्या मोठ्या प्रमाणावरील आजाराची खरी तपासणी साधी आहे. स्पायरोमेट्रीमध्ये रुग्ण नळीत जोराने फुंकतो आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, हे यंत्र मोजते. नलिका मोकळ्या करणारे औषध दिल्यानंतरही पहिल्या सेकंदातील हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून कमी भरली, तर कायमच्या अडथळ्याचा, म्हणजे सीओपीडीचा संशय पक्का होतो. औषधाने आकडा बराच सुधारला, तर दम्याकडे लक्ष जाते. रक्तदाब मोजावा तसा श्वास मोजण्याची पद्धत मात्र अजून रुजलेली नाही.

प्रत्येक जुनाट खोकला फुफ्फुसातूनच येतो असेही नाही. नाकातील स्राव घशात उतरणे, जठरातील आम्ल वर येणे, रक्तदाबासाठी दिलेल्या एनालाप्रिल वा रॅमिप्रिल गटातील गोळ्या हीही त्याची कारणे असतात. गोळीमुळे आलेला खोकला डॉक्टरांच्या सल्ल्याने ती बदलताच काही आठवड्यांत थांबतो.

खोकला दाबणाऱ्या बाटलीने दाह शमत नाही. कफ साठलेल्या रुग्णात तर खोकला दाबल्याने कफ आतच राहतो. मुलांच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात दूषित खोकल्याच्या औषधामुळे अनेक बालकांचा बळी गेला. मुलांना खोकल्याची बाटली देणे किती महागात पडू शकते, हे त्या घटनेने दाखवून दिले.

काय परत मिळते, काय नाही?

दम्याच्या दाहावर श्वासातून घेण्याचे स्टिरॉइड हा मुख्य उपचार आहे. इनहेलरची सवय लागते, तो शेवटचा उपाय आहे, या समजुतींमुळे अनेक जण गोळ्यांना पसंती देतात. वास्तविक साल्ब्युटामॉलची गोळी दोन ते चार मिलिग्रॅमची असते, तर पंपाच्या एका फवाऱ्यात त्याच औषधाचे १०० मायक्रोग्रॅम असतात. औषध थेट नलिकेत पोहोचत असल्याने वीस ते चाळीस पट कमी मात्रा पुरते. नलिका मोकळी करणारा पंप तात्पुरता आराम देतो, दाह कमी करणारा पंप नियमित घ्यावा लागतो. बरे वाटताच दुसरा बंद करणे ही नेहमीची चूक आहे.

सीओपीडीत गमावलेली नलिका परत मिळत नाही, पण पुढची हानी रोखता येते. अमेरिका व कॅनडातील 'लंग हेल्थ स्टडी'त धूम्रपान करणाऱ्यांचा ११ वर्षे पाठपुरावा झाला. धूम्रपान चालू ठेवलेल्या पुरुषांची पहिल्या सेकंदातील हवा दरवर्षी सरासरी ६६ मिलिलिटरने घटली. सोडलेल्यांची घट ३० मिलिलिटर होती. वयानुसार सर्वांचीच घट साधारण तेवढी होते. म्हणजे सोडण्याने गेलेले आले नाही, पण घसरण निम्म्याहून कमी झाली.

ब्रॉन्किएक्टेसिसमध्ये कफ रोज बाहेर काढण्याचे श्वसनव्यायाम व फिजिओथेरपी यांना औषधाइतकेच महत्त्व आहे. या विकारातील दाहालाच लक्ष्य करणाऱ्या ब्रेन्सोकॅटिब या गोळीला अमेरिकेत २०२५ मध्ये मान्यता मिळाली. फ्लू व न्यूमोनियाच्या लसी, योग्य आहार आणि झेपेल इतके चालणे यांचाही लाभ होतो. जंतुसंसर्गाने आजार उसळतो, तेव्हा प्रत्येक वेळी फुफ्फुसाची थोडी शक्ती जाते. म्हणून लसीकरणाचा खर्च वाया जात नाही.

केव्हा थांबू नये?

दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिल्यास थुंकीची तपासणी करावी. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात ती सरकारी रुग्णालयांत मोफत होते. प्रौढांमध्ये आठ आठवड्यांपेक्षा व मुलांमध्ये चार आठवड्यांपेक्षा अधिक टिकलेला खोकला जुनाट समजला जातो. त्याचे कारण शोधलेच पाहिजे. कफातून रक्त पडणे, वजन घटणे, रात्री घाम येऊन ताप येणे, आवाज बसून राहणे, पायावर सूज किंवा विश्रांतीतही धाप, यांपैकी काहीही आढळल्यास एक दिवसही दवडू नये. चूल, विडी, मिश्री, भट्टी, भुसा यांपैकी कशाचा संबंध येतो, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगावे आणि छातीचा एक्स-रे निर्दोष आला तरी स्पायरोमेट्रीविषयी विचारावे, कारण सुरुवातीच्या टप्प्यातील अडथळा एक्स-रेत दिसत नाही.

घरातील कर्ती बाई पहाटे चुलीपुढे खोकते, परगावचा गलाई कारागीर दूरध्वनीवर बोलताना मध्येच थांबतो, आजोबा अंगणात कफ काढत बसतात. हे आवाज घराला इतके ओळखीचे झालेले असतात, की ते ऐकूच येत नाहीत. श्वासनलिका वाचवायच्या असतील, तर ते पुन्हा ऐकू लागण्यापासून सुरुवात करावी लागेल.